अक्षराचे दागिने

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा घरोघरी चकलीच्या डब्याचा तळ दिसू लागला असेल. पंधरवड्याच्या आत तुळशीचे लग्न लागेल, आणि मग माणसांच्या लग्नांना मोकळीक. पत्रिकांचा ओघ सुरू होईल. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेल्या, सोनेरी गोंड्याच्या, पेटीतल्या, गुंडाळीतल्या. त्या पत्रिका आपण सगळेच उघडतो, तारीख पाहतो, आणि कपाटावर ठेवून देतो. त्यांच्यावर टीकालेख लिहावा असे कोणास सुचत नाही. मला सुचले, त्याला कारण घडले. ते कारण मी पुढे सांगणारच आहे. परंतु आधी पत्रिकेच्या अक्षराकडे थोडे बारकाईने पाहू या.

मुद्रणाचे शास्त्र मी शिकलेले नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. राहात्याच्या शाळेत मराठी शिकवते, शनिवारी मुलांचा सुलेखनाचा तास घेते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. पण आमच्या आईची एक लोखंडी ट्रंक आहे, तीत तिने तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका जपून ठेवल्या आहेत. मराठी नटव्या अक्षराचा इतिहास पाहायचा तर त्या ट्रंकेसारखे दुसरे संग्रहालय मला ठाऊक नाही.

सर्वांत तळाशी आजीच्या लग्नाची पत्रिका आहे. ती खिळ्यांनी हातजुळणी करून छापलेली. भोवती वेलबुट्टीची चौकट, वर गणपतीचा ठोकळा, आणि मजकूर मात्र पंचांगात किंवा पोथीत असतो तसा साधा, काळाभोर, ठसठशीत. नटवे अक्षर एकही नाही. पूर्वी मला वाटे की त्या काळी लोकांना हौस कमी असेल. तसे नव्हते. हौस भरपूर होती; खिळ्याला ती पेलत नव्हती. शिशाचा खिळा म्हणजे चौकोनी ठोकळा. अक्षराचा फराटा त्या ठोकळ्याबाहेर लोंबू लागला की दाबाखाली तुटतो. आणि देवनागरी तर आधीच वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, आडव्या जोडाक्षरांची उतरंड, असा मोठा संसार घेऊन बसलेली. एवढा संसार शिशात बसवणे हीच केवढी कारागिरी! जावजी दादाजी चौधरींनी मुंबईत १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्या छापखान्याच्या अक्षराची कीर्ती देशभर पसरली, तिच्यामागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता. पोलादावर उलटे अक्षर कोरायचे, त्याचा ठसा तांब्यात उमटवायचा आणि त्यात शिसे ओतायचे. त्या अक्षराला दागिना नव्हता, पण बांधा असा होता की दागिन्याची उणीव भासू नये.

ज्याला वळणदार अक्षरच हवे त्याला तेव्हा दुसरी वाट होती. ती दगडाची. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पहिले मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. तेथे खिळा नसतो. लेखक बोरूने लिहितो, ते अक्षर दगडावर उतरते, आणि दगडावरून कागदावर. माणसाच्या हाताचे वळण जसेच्या तसे छापून येते. जुन्या शिळाप्रेसच्या पोथ्या पाहिल्या की ती रेघ अजून ओली असावी असे वाटते.

आता या बोरूविषयी दोन शब्द अवश्य बोलले पाहिजेत, कारण माझ्या सगळ्या तक्रारीचे मूळ तेथे आहे. शनिवारच्या तासाला मी मुलांना बोरू छाटायला शिकवते. बोरूचे टोक सरळ छाटत नाहीत, तिरके छाटतात. त्या तिरक्या छाटीमुळे हात एका दिशेने गेला की रेघ जाड उमटते आणि दुसऱ्या दिशेने गेला की बारीक. हाताने दाब देण्याचे कामच नाही. दिशा बदलली की जाडी आपोआप बदलते. आणि गंमत अशी की इंग्रजी लेखणीचा कल व देवनागरीचा कल एकमेकांच्या विरुद्ध आहेत. इंग्रजी मोठा ‘ए’ पाहा. त्याचा डावा पाय बारीक, उजवा जाड. म्हणजे डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेघ तेथे जाड असते. देवनागरीत नेमके उलटे. आपल्याकडे उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ अंग धरते. इंग्रजी सुलेखनाचे निब घेऊन मराठी लिहायला बसलेल्या मुलाचे अक्षर काहीतरी परके दिसते, पण काय चुकले हे त्याला सांगता येत नाही. ते हे चुकलेले असते.

शिवाय इंग्रजांची जी खास समारंभाची लिपी, ज्या वळणात त्यांची निमंत्रणे छापतात, ती बोरूची नव्हेच. ती टोकदार, लवचिक निबाची. खाली येताना दाब दिला की रेघ फुगते, वर जाताना केसासारखी होते आणि अक्षरे एकमेकांचा हात धरून तिरकी धावतात. त्या वळणाला त्यांच्याकडे मोठी परंपरा आहे. चार्ल्स स्नेल या जुन्या लेखनिकाच्या हस्ताक्षरावरून मॅथ्यू कार्टर यांनी १९६६ मध्ये ‘स्नेल राउंडहँड’ हा टंक केला. शिशाचा ठोकळा जाऊन छायाजुळणी आली होती म्हणूनच तो शक्य झाला. अक्षराला अक्षर खरोखर जोडता आले. पुढे १९९८ मध्ये हेरमान झाप्फ या थोर जर्मन सुलेखनकाराचा ‘झाप्फिनो’ आला. त्यात एकेका अक्षराची अनेक रूपे आहेत. झाप्फ यांना पक्के ठाऊक होते की हाताने लिहिणारा माणूस एकच अक्षर दोनदा हुबेहूब तसेच लिहीत नाही.

हे आठवणीत ठेवून ट्रंकेतला दुसरा थर काढू. ही आईच्या लग्नाची पत्रिका. मजकूर खिळ्यांचाच, पण वधूवरांची नावे कोणा चित्रकाराने हाताने काढून त्यांचा ब्लॉक केलेला आहे. मराठी अक्षराचे ते वैभवाचे दिवस होते. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर दीनानाथ दलालांची चित्रे असत. वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांची अक्षरे असत, आणि नाटकाचा बाज त्या अक्षरावरून कळे. शेडगे १९३५ साली जन्मले, २०२० साली गेले. ‘माझी अक्षरगाथा’ हे त्यांचे पुस्तक आपल्या वाचकांपैकी काहींच्या संग्रही असेल. त्यांच्या अक्षरांची नक्कल पुष्कळांनी केली, पण एक गोष्ट नकलाकारांच्या ध्यानात आली नाही. शेडगे अक्षरे काढीत नसत, शीर्षके काढीत. त्यांच्या एखाद्या शीर्षकातली वेलांटी लांबून शेवटच्या अक्षरावर छत्र धरते, कारण ते शेवटचे अक्षर कोणते आहे हे त्यांना आधीच ठाऊक असते. फॉन्टमधल्या वेलांटीला आपला शेजारी कोण येणार हे ठाऊक नसते. ती आपली सदा नटून दारात उभी. नावात एकदा आलेला फराटा शोभतो. तोच फराटा ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ पासून ‘आपले विनम्र’ पर्यंत तीस वेळा आला की एखाद्या लग्नघरात सगळ्याच बायका नवरीसारख्या नटून आल्यासारखे होते. नवरी कोण ते कळत नाही.

तिसरा थर आमच्या पिढीचा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’, सी-डॅकचे ‘योगेश’, ‘सुरेख’ अशी अक्षरे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आणि खिळे मोडीत निघाले. हे चांगलेच झाले. खिळे चिवडून चिवडून ज्यांचे डोळे गेले असे कंपोझिटर मी लहानपणी पाहिले आहेत. पुढे साध्या अक्षरांबरोबर नटव्या अक्षरांचेही पीक आले. नगर-मनमाड रस्त्याने राहात्याहून शिर्डीकडे जा; दुतर्फा वाढदिवसांच्या फलकांवर ते पीक डोलताना दिसेल. त्यातले काही खरोखर देखणे आहे. पुष्कळसे मात्र इंग्रजी समारंभी लिपीची झूल देवनागरीवर चढवलेले आहे. रेघ फुगते ती चुकीच्या अंगाला. शिरोरेघ, जी आपल्या अक्षराची तुळई, तिच्या जागी नागमोडी लाट. ‘क’ च्या पोटातून एक वेल निघते, ‘श’ च्या देठाला तशीच वेल, ‘ल’ च्या पाकळीलाही तीच. अक्षर बदलते, वेल बदलत नाही.

माझा आक्षेप नटण्याला नाही. बाईमाणसाने दागिन्यांविरुद्ध लिहावे हे मला शोभणार नाही. पण दागिना नाकात, कानात, गळ्यात घालतात. डोळ्यात घालीत नाहीत. देवनागरीतही दागिन्याच्या जागा ठरलेल्या आहेत. वेलांटीचा माथा, उकाराचे शेपूट, ‘ह’ ची खालची गाठ, ओळीतल्या शेवटच्या कान्याचा पाय. येथे हात मोकळा सोडावा. परंतु अक्षर ज्या खुणेने ओळखू येते ती खूण म्हणजे त्याचा डोळा. ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक केवढा? एका लहानशा वळणाचा आणि शिरोरेघेच्या एका खंडाचा. तेथे फुलोरा काढला की ‘घर’ धरून बसायचे की काय ते वाचणाऱ्याने ठरवावे. शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढून पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही आपली रूपे नक्की केली. नटव्या फॉन्टांपैकी किती जणांनी ती पाळली आहेत हे आपण आपल्या घरच्या पत्रिकेवर पाहावे.

समर्थांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर गोल आणि मोकळे असावे, काना-मात्रा-वेलांटी नेटकी असावी, ओळ मोत्यांच्या सरासारखी दिसावी, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच हाताने एकाच बैठकीत लिहिल्यासारखे वाटावे, असा त्यांचा कटाक्ष. त्यातच एक व्यवहाराची गोष्ट त्यांनी सांगून ठेवली आहे. तरुणपणी डोळे चांगले म्हणून बारीक अक्षर लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. सुंदर अक्षराचा विचार करताना त्यांच्यापुढे म्हातारा वाचक होता. आमच्यापुढे तो नव्हता, आणि आता मी त्या कारणाकडे येते.

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचे लग्न ठरले. मुलगा कऱ्हाडचा. पत्रिका छापण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात ‘अक्षराचे कळते’ ती मी. छापखान्यात पडद्यावर त्या मुलाने मला एकामागून एक पन्नास अक्षरे दाखवली. एका अक्षरात भाचीचे नाव असे काही दिसले, की मी बाकीचा मजकूर वाचलाच नाही. म्हटले, हेच, सगळे ह्यातच घ्या. छापखान्याची चूक नव्हती. प्रूफ माझ्यापुढे ठेवले होते आणि मी नावाकडेच पाहत राहिले.

पहिला धक्का व्याह्यांकडून आला. त्या फॉन्टमध्ये मराठीचा अर्धा ‘ऱ्’ नव्हताच. ‘कऱ्हाड’ चा ‘र’ उडून ‘ह’ च्या डोक्यावर रफार होऊन बसला होता. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला भेद मी वर्गात दरवर्षी शिकवते: एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. आणि माझ्याच हातून एक अख्खे गाव चुकले. नवऱ्या मुलाचे आजोबा मोठे मिस्कील. म्हणाले, ‘‘बाई, आमच्या गावाला तुम्ही तुरा लावलात, आभारी आहे.’’ तेवढ्यावर ते निभावले.

दुसरा धक्का हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लग्न १ मे रोजी होते. त्या फॉन्टमधल्या ‘१’ ला गोलाच्या खाली आणखी एक डौलदार वळसा काढलेला होता. चष्मा लावून, पत्रिका उजेडात धरून पाहिले तरी तो ‘९’ दिसे. कोपरगाव तालुक्यात आमची आत्या एकटी राहते. वय ऐंशीच्या पुढे. पण पत्रिका स्वतः वाचायची, कोणाला विचारायचे नाही, हा तिचा बाणा. पत्रिका हस्ते पोहोचवली होती. तिला आणायला कोण जाणार, हे प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडले होते. लग्नाच्या गर्दीत ती दिसली नाही तेव्हा ‘तब्येत बरी नसेल’ असे आम्हीच एकमेकांना सांगितले. ८ तारखेला संध्याकाळी ती एस.टी.तून उतरली, पिशवीत भाचीसाठी घेतलेले लुगडे आणि डब्यात स्वतः केलेल्या करंज्या. मांडव केव्हाच उतरला होता. तिने कोणाला शब्दाने दुखवले नाही. पिशवीतून पत्रिका काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘‘तू मास्तरीण ना? वाच बरं, काय लिहिलंय.’’ मी वाचले. मलाही ‘९’ दिसला.

तेव्हापासून मी नटव्या अक्षरांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले, आणि पाहता पाहता असेही आढळले की चांगली कामे होत नाहीत असे नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी ‘जैनी’ नावाचे अक्षर केले आहे. १५०३ सालच्या जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांवरून ते घेतले. पाचशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाचा बोरू त्यात ओळखता येतो. जाड रेघ जेथे यायला हवी तेथेच येते. वेल नाही, फूल नाही, तरी ते अक्षर पाहिले की समारंभ आहे हे कळते. पत्रिकेवर वधूवरांच्या नावांना ते किती शोभेल! सगळ्या मजकुराला मात्र नव्हे. त्याच्या भारदस्तपणाने बारीक ओळी गुदमरतील. त्यांचेच ‘मोदक’ हे अक्षर गुबगुबीत, बारशाच्या निमंत्रणाला योग्य. ‘यात्रा वन’ हा टंक तर मला फारच आवडला. मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट या बाईंनी तो रचला. त्यात इंग्रजी अक्षरांना त्यांनी देवनागरीचा कल दिला आहे! आजवर आपले अक्षर त्यांच्या वळणाने नाचत होते; येथे त्यांचे अक्षर आपल्या वळणाने चालते. पाटी रंगवणाऱ्या ज्या पेंटर लोकांची कामे फ्लेक्सने गिळली, त्यांचा हात निदान एवढ्यात तरी उरला.

अच्युत पालव यांच्याविषयी वेगळे काय लिहावे? मोडीचा अभ्यास करून त्यांनी तिचा वेग देवनागरीत आणला. मोडीत आधी रेघ ओढतात आणि मग अक्षरे तिला लोंबकळत धावतात. तो धावण्याचा गुण पालवांच्या अक्षरात आहे. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या शनिवारच्या तासाला मुलांनी बोरूने त्यांचे नाव लिहून फळ्याखाली लावले. पण त्यांच्या हातची अक्षरे पाहून जे फॉन्ट निघाले त्यांत धाव राहत नाही, धावण्याची मुद्रा तेवढी राहते. आणि र. कृ. जोशी! १९३६ ते २००८ असे त्यांचे आयुष्य. मुळात सुलेखनकार, कवी. पण संगणकासाठी त्यांनी जे ‘मंगल’ अक्षर केले ते इतके साधे, की लाखो लोकांनी ते वाचले आणि कोणाच्या लक्षात आले नाही. नाव ‘मंगल’ आणि त्यात छापतात सरकारी नोटिसा. मंगलकार्याला मात्र लोक वळसे घेतलेले ‘९’ शोधत जातात. जो माणूस हवे तेवढे नटवू शकत होता त्याने हात आवरला, हे मला शेडगे यांच्या शीर्षकांइतकेच मोठे काम वाटते.

आजच्या संगणकी टंकात एक सोय अशीही आहे, की शेजारचे अक्षर पाहून वेलांटीने आपले रूप बदलावे. म्हणजे शेडगे हाताने करीत ते थोडेसे यंत्राला शिकवता येते. वेलांटी कोठवर न्यायची, उकार कोठे आखडायचा, ओळीच्या शेवटी तेवढा फराटा सोडायचा, हे सारे आधी बसून ठरवावे लागते. त्याला महिनोन्महिने लागतात, आणि देवनागरीची जोडाक्षरे पुरता जीव घेतात. म्हणून बाजारात स्वस्त वेली मिळतात. आकडे तर बहुधा सगळ्यांत शेवटी, कंटाळल्यावर काढलेले असावेत. नटव्या फॉन्टची परीक्षा करायची असेल तर नाव लिहून पाहू नका. दहाही आकडे आणि ‘कऱ्हाड’ लिहून पाहा.

धाकट्या भाचीचे लग्न येत्या मार्गशीर्षात आहे. पत्रिका पुन्हा माझ्याकडेच आली. घरच्यांचा विश्वास म्हणा की दुसरे कोणी तयार नाही म्हणा. या खेपेस वधूवरांची नावे मी बोरूने कागदावर लिहून दिली, ‘जैनी’ पाहून पाहून, तेवीस कागद फाडल्यावर. बाकीचा मजकूर साध्या अक्षरात, आकडे ठसठशीत. प्रूफ हातात आले तशी मी कोपरगावची एस.टी. धरली. आत्याने चष्मा पुसला, ओटीवर उजेडात बसली आणि गणेश प्रसन्नपासून कार्यस्थळापर्यंत सगळे मोठ्याने वाचले, एकदाही न अडखळता. तारीख दोनदा वाचली. मग नावांवर बोट ठेवून म्हणाली, ‘‘हे तू लिहिलंस होय? बरं आहे. पण ह्या ‘ळ’ चं एक पोट जरा लहान झालंय गं.’’

मी एस.टी.त बसून पाहिले. झाले होते खरे.